हातावरचा विंचू

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत धक्क्यावर थोडा वेळ थांबावे लागते. ही बोट 2003 पासून सुरू आहे. त्याआधी वाशिष्ठीच्या मुखावरचे हे दोन काठ समोरासमोर असूनही गाडीरस्त्याने फार लांब होते. धक्क्यावर मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या वयस्क बायांच्या हातांकडे या मधल्या वेळात सहज लक्ष जाते. मनगटापासून कोपरापर्यंत निळसर हिरवी नक्षी असते. तुळशीवृंदावन असते, ओळीने पाच ठिपके असतात, कुणाच्या हातावर मासा, कुणाच्या हातावर मोर. आणि बऱ्याचदा शेपटी वर वळवलेला एक विंचू असतो.

विंचूच का, असे विचारले तर एकीचे उत्तर येते, विंचू चावू नये म्हणून. दुसरी म्हणते, आईच्या हातावर होता म्हणून माझ्याही हातावर काढला. तिसरी हसते आणि म्हणते, चांगला दिसतो म्हणून. आम्हाला कुठे सोन्याच्या पाटल्या मिळणार होत्या?

तीन उत्तरे, आणि तिघीही खरे बोलत असतात. या लेखात आम्हाला बोलायचे आहे ते याच अडचणीविषयी. शहरांतल्या गोंदणाच्या दुकानांत हल्ली चित्रांच्या वह्या असतात. त्यांत प्राण्यापुढे त्याचा 'अर्थ' छापलेला असतो: वाघ म्हणजे शौर्य, घुबड म्हणजे शहाणपण, विंचू म्हणजे निर्भयता. शब्दकोशासारखी ही यादी मुलांना फार आवडते आणि प्रकल्पाच्या वहीत ती जशीच्या तशी उतरते. प्राण्यांच्या गोंदणाचा इतिहास थोडा खोलात जाऊन पाहिला, की या यादीवरचा विश्वास उडू लागतो.

आधी विंचवाकडेच नीट पाहू. कोकणातला विंचू हे नुसते प्रतीक नव्हे, तो घरात राहणारा प्राणी आहे. जांभ्याच्या गडग्यांच्या फटी, लाकडांचा ढीग, कौलांखालची सांद, पेंढा, अशा ठिकाणी तो दिवसभर दडून असतो आणि रात्री बाहेर पडतो. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याचे विष मानाने सौम्य असते. खरा घातक तो लहानखुरा लाल विंचू. शास्त्रीय भाषेत त्याला 'हॉटेंटोटा टॅम्युलस' म्हणतात, आणि जगातल्या अत्यंत विषारी विंचवांत त्याची गणना होते. त्याचे विष मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते. त्यामुळे शरीरात उत्तेजक संप्रेरकांचा लोंढा येतो, रक्तदाब भलताच वाढतो, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, हृदय थकत जाते आणि फुप्फुसांत पाणी साचते. लहान मूल असेल तर हा सगळा प्रकार काही तासांत संपू शकतो.

दाभोळपासून सरळ रेषेत फार लांब नसलेल्या महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, 1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांसमोर दगावताना पाहून त्यांनी प्रत्येकाच्या लक्षणांची बारकाईने नोंद ठेवायला सुरुवात केली. ही माणसे विंचवाच्या वेदनेने मरत नाहीत, हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन मरतात, हे त्या नोंदींतून पुढे आले. 1982 मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध या रुग्णांना उपयोगी पडते, हे त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 1986 मध्ये त्याच नियतकालिकात मांडले. पूर्वी गंभीर रुग्णांतले शंभरी तीस-चाळीस दगावत असत. प्राझोसिनची गोळी वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण अगदी खाली आले. या औषधाला प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच अभ्यासातून दिसले.

हे सगळे गोंदणाच्या लेखात कशाला, असे कुणी म्हणेल. मुद्दा असा की, हातावर विंचू काढून घेणाऱ्या मुलीच्या आईला या प्राझोसिनच्या गोळीची वाट 1980च्या दशकापर्यंत पाहावी लागली. तोपर्यंत तिच्यापाशी मांत्रिक होता, झाडपाला होता आणि हे चित्र होते. चित्राने विष उतरत नाही. परंतु ज्या भीतीतून ते चित्र आले ती भीती खुळी नव्हती. अंधश्रद्धा हा शब्द उच्चारण्याआधी वर्गात एवढे सांगितलेच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

मग उपयोग नसताना हा समज टिकला कसा? हा प्रश्न आठवी-नववीच्या मुलांना घालण्याजोगा आहे. बहुसंख्य विंचूदंशांत जोरदार वेदना होतात, पण माणूस मरत नाही. धडधाकट प्रौढ तर बहुधा वाचतोच. त्यामुळे गोंदलेल्या बाईला विंचू चावला आणि ती वाचली की श्रेय हातावरच्या विंचवाला मिळे. न गोंदलेल्या माणसाच्या वाचण्याची कुणी मोजणी करत नसे. गोंदूनही जी दगावली, तिची वेळ भरली होती असे म्हणून विषय मिटे. चार रकान्यांचा तक्ता करून, म्हणजे गोंदलेले वाचले, गोंदलेले दगावले, न गोंदलेले वाचले, न गोंदलेले दगावले असे लिहून, मुलांना विचारावे की लोक यांतले कोणते रकाने आठवणीत ठेवतात. डॉ. बावस्करांनी केले ते हेच: चारही रकाने भरले.

आता चित्र टिकते कसे ते पाहू. गोंदणारीण तीन-चार सुया एकत्र बांधून, त्या काजळीत बुडवून कातडीवर झपाझप टोचत जाते. सुया सहज मिळत नव्हत्या तेव्हा काट्यांनीही हे काम होई. काजळी कधी तेलात, कधी एखाद्या पाल्याच्या रसात खललेली असे. टोचून झाल्यावर वरून हळद लावत. काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. शरीरात तो विरघळत नाही आणि कशाशी सहज संयोगही पावत नाही.

आपली बाह्यत्वचा सतत झिजते आणि सुमारे महिन्याभरात नवी होते. काजळी तिच्यातच राहिली असती तर चित्र पुढच्या महिन्यात पुसले असते. सुई त्याच्या खाली, अंतस्त्वचेत पोचते. तिथे शरीराच्या भक्षक पेशी या परक्या कणांवर तुटून पडतात, त्यांना गिळतात. पण पचवू मात्र शकत नाहीत. पोटात काजळी घेऊन त्या जागच्या जागी बसून राहतात. अशी एक पेशी मेली तर कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून हे हस्तांतर 2018 मध्ये दाखवून दिले. म्हणजे आजीच्या हातावरचा विंचू साठ वर्षे तोच असला तरी त्याला धरून ठेवणाऱ्या पेशी कितीतरी वेळा बदललेल्या असतात. शरीराला हा प्राणी बाहेर काढायचा असतो, आणि त्या खटपटीतच तो आत राहतो.

काळी काजळी कातडीखाली निळसर हिरवी का दिसते, हाही चांगला प्रश्न आहे. प्रकाशातील तांबड्या लांब लहरी कातडीत खोल जातात आणि काजळीत शोषल्या जातात. निळ्या आखूड लहरी वरच्या थरातूनच विखरून परत येतात. त्यामुळे त्या जागेवरून डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशात निळ्याचा भाग अधिक असतो. हातावरच्या शिरा निळ्या दिसण्याचे कारणही बरेचसे असेच आहे.

दाभोळ हे मोठ्या मुस्लिम वस्तीचे गाव. इस्लाममध्ये गोंदण निषिद्ध मानले जात असल्याने तिथल्या मुस्लिम घरांत हातावर रंगते ती मेंदी. मेंदीतले रंगद्रव्य बाह्यत्वचेच्या वरच्या, मृत पेशींच्या थरातील केराटिनला चिकटते, म्हणून दोन-तीन आठवड्यांत ते त्या पेशींबरोबर झडून जाते. एकाच गावातल्या दोन आज्यांचे हात शेजारी ठेवले तर त्वचेचे दोन थर शिकवून होतात. फळ्यावर आकृतीही काढायला नको.

अंतस्त्वचेतली काजळी माणसाच्या मृत्यूनंतरही राहते, जर कातडी राहिली तर. आणि कातडी फार क्वचित राहते. त्यामुळे गोंदणाचा इतिहास कोरड्या वाळवंटातून आणि गोठलेल्या जमिनीतूनच हाती येतो. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यात दहनाची चाल, असा पुरावा मिळण्याची आशाच नको. यावरून आपल्याकडे गोंदण नंतर आले असा निष्कर्ष काढता येत नाही, हे आवर्जून सांगायला हवे. पुरावा नसणे आणि वस्तू नसणे यांत फरक आहे.

इजिप्तमधील गेबेलीन येथे वाळूत पुरलेला एका तरुणाचा देह शतकाहून अधिक काळ ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्या दंडावर एक काळसर डाग होता. त्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नव्हते. 2018 मध्ये अवरक्त किरणांनी छायाचित्र घेतले तेव्हा त्या डागाचे दोन प्राणी झाले: एक लांब शेपटीचा रानबैल आणि एक वळलेल्या शिंगांचा रानमेंढा. काळ इ.स.पू. 3351 ते 3017 यांच्या दरम्यानचा. प्राण्याचे चित्र गोंदलेली याहून जुनी कातडी आज ज्ञात नाही. आल्प्स पर्वतात 1991 मध्ये सापडलेला प्रसिद्ध हिममानव साधारण त्याच काळातला. त्याच्या अंगावर 61 खुणा आहेत, पण त्या सगळ्या रेघा आणि फुल्या. प्राणी एकही नाही. यांतल्या पुष्कळ खुणा झिजलेल्या सांध्यांजवळ आहेत, त्यामुळे त्या दुखण्यावरचा उपाय असाव्यात असे मानले जाते. मानणेच ते, विचारायला हिममानव नाही.

सैबेरियाच्या अल्ताई पर्वतातील पाझिरिक थडग्यांत बर्फामुळे टिकलेली, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसे मिळाली. सेर्गेई रुदेन्को या पुरातत्त्वज्ञाने 1948 च्या सुमारास उकरलेल्या एका थडग्यातील सरदाराच्या अंगावर हरणे, मेंढे, पंख असलेली हिंस्र जनावरे आणि नडगीवर एक मासा होता. 1993 मध्ये नतालिया पोलोस्माक यांना उकोकच्या पठारावर मिळालेल्या स्त्रीच्या खांद्यावर हरीण आहे. पण त्याला चोच आहे आणि शिंगांच्या टोकांना पक्ष्यांची डोकी फुटलेली आहेत. असा प्राणी जगात नाही. मग हे चित्र कशाचे? कुळाचे, देवाचे, एखाद्या गोष्टीतल्या पात्राचे? या लोकांनी लिहून ठेवलेले काहीही नाही. गेबेलीनच्या तरुणाचा बैल म्हणजे बळ, असे पुस्तकांत लिहिलेले सापडते; तो अंदाज आहे आणि तसा तो वाजवीही आहे. परंतु पाच हजार वर्षांनी धक्क्यावरच्या त्या तिसऱ्या बाईचा हात कुणाला मिळाला, तर तोही 'विंचू म्हणजे संरक्षण' असेच लिहील. 'चांगला दिसतो म्हणून' हे उत्तर कातडीवर उमटत नाही.

अर्थ थोडाफार खात्रीने सांगता येतो तो चित्राच्या जोडीला लेख असतील तेव्हा. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या देर-अल-मदिना या इजिप्तमधल्याच वसाहतीत एका स्त्रीचा देह मिळाला. तिच्या अंगावर तीसहून अधिक गोंदणे आहेत, हे ॲन ऑस्टिन या संशोधिकेने 2014 मध्ये ओळखले. गाई, बबून माकडे, साप, पवित्र डोळे अशी ती चित्रे आहेत. गाय हे हाथोर देवीचे रूप, हे त्या काळच्या असंख्य लेखांवरून ठाऊक आहे. म्हणून ही स्त्री देवीच्या उपासनेशी संबंधित असावी असे म्हणता येते. इथे अर्थ चित्राने सांगितलेला नाही, शेजारच्या लिखाणाने सांगितला आहे.

आणि लिखाण असले तरी एका प्राण्याला एकच अर्थ चिकटून राहील असे नाही. पुन्हा विंचूच घ्या. खजुराहोच्या देवळांवरील काही सुंदरींच्या मांडीवर विंचू कोरला आहे. तो कामवासनेचा, असे शिल्पाचे अभ्यासक सांगतात. चामुंडेच्या खपाटीला गेलेल्या पोटावरही विंचू असतो. तिथे तो भुकेचा, पोटातल्या आगीचा. एकनाथांच्या भारुडातला विंचू मनुष्याच्या ठायीच्या काम-क्रोधांचा. त्यावर उताराही तिथे सत्त्वगुणाचा सांगितला आहे. आणि कोकणातल्या बाईच्या हातावरचा विंचू हा प्रत्यक्ष जांभ्याच्या फटीतला. एकाच देशात, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या माणसांनी, एकाच प्राण्याला चार कामे दिली. यादीतल्या 'निर्भयता' या शब्दात यांतले कुठले बसते?

माशाचे तसेच. समुद्रकाठी मासा हे पोटापाण्याचे साधन. घाटावरच्या बाईच्या हातावर तोच मासा संततीची, भरल्या घराची खूण म्हणून येतो. आणि कथेकरी बुवांना विचाराल तर तो मत्स्यावतार होतो. मोराविषयी आम्ही लिहीत नाही. तो पैठणीवर, रांगोळीत, भिंतीवर आणि हातावर सगळीकडेच आहे, आणि बहुधा तो सुंदर आहे एवढेच कारण पुरेसे असावे.

पूर्वेकडच्या एका देशाचे उदाहरण मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिक्षकांना जवळचे वाटेल. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केले. 1886 पासून 1916 साली मरण येईपर्यंत तो रत्नागिरीत नजरकैदेत होता. 1910 मध्ये बांधून झालेला त्याचा राजवाडा शाळांच्या सहलींना ठाऊक आहे. त्याच्या देशात त्या काळी गोंदण हे पुरुषांचे लक्षण होते. कमरेपासून गुडघ्यापर्यंत वाघ, माकडे, मांजरे, राक्षस अशी चित्रे दाटीने गोंदून घेतल्याशिवाय मुलगा पुरता पुरुष मानला जात नसे. इकडे महाराष्ट्रात त्याच काळात अंगभर नक्षीचे गोंदण प्रामुख्याने बायकांचे, आणि त्याचे कारण विचारले की सांगत: सगळे दागिने इथेच राहतात, मेल्यावर बरोबर येतो तो एवढाच. तिकडे पुरुषपणाची परीक्षा, इकडे बाईचा न हरवणारा दागिना. सुई तीच, काजळी तीच, प्राणीही पुष्कळसे तेच.

पाश्चात्त्य खलाशांची रीत आणखी वेगळी. ते एका पावलावर डुक्कर आणि दुसऱ्यावर कोंबडा गोंदून घेत, बुडू नये म्हणून. दोन्ही प्राण्यांना पोहण्याची हौस नाही. सांगतात असे की, जहाज फुटले तरी ज्या लाकडी खुराड्यांतून हे प्राणी नेत ती तरंगत राहत. 'टॅटू' हा शब्द इंग्रजीत आणला तोही खलाशांनीच. कॅप्टन कुकचे जहाज 1769 मध्ये ताहितीला गेले तेव्हा तिथला 'तताऊ' हा शब्द त्यांच्या नोंदींत आला.

आता दाभोळ हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथूनच परतीच्या जहाजावर चढला. अरबस्तान, इजिप्त, खोरासान इथून या बंदरात घोडे येतात असे त्याने लिहून ठेवले आहे. डिसेंबर 1508 मध्ये पोर्तुगीजांनी हे गाव जाळले. असे बंदर दिसले की मोह होतो: इजिप्तमध्ये प्राणी गोंदत, घोडे इजिप्तमधून येत, तेव्हा गोंदणही जहाजातून आले असेल! आम्हालाही हा मोह झाला होता. परंतु गाई गोंदलेली देर-अल-मदिनाची ती स्त्री आणि निकितीन यांच्यामध्ये अडीच हजारांहून अधिक वर्षे आहेत. शिवाय कातडी टोचून काजळी भरणे ही युक्ती इतकी साधी आहे की ती जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असणार. सारखेपणा दिसला म्हणजे देवघेव झालीच, असे नाही.

गोंदणाच्या अर्थाचे आणखी एक स्पष्टीकरण शंभर वर्षांपूर्वी फार चलनात होते. माणसांच्या टोळ्या एखाद्या प्राण्याला आपला मूळ पूर्वज मानतात आणि त्याची खूण अंगावर बाळगतात, म्हणजे गोंदण हे कुलचिन्ह, असे जेम्स फ्रेझरसारखे ब्रिटिश विद्वान सांगत. आपल्याकडच्या देवकांमुळे इंग्रज अधिकाऱ्यांना या मतात विशेष रस होता. त्यांपैकी ए. एम. टी. जॅक्सन हा संस्कृतचा जाणकार अधिकारी. लोकांच्या चालीरीती आणि समजुती टिपण्यासाठी त्याने प्रश्नावली तयार केली. ती पाठवली कुणाकडे? गावोगावच्या शाळामास्तरांकडे. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आला असता अनंत कान्हेरे या तरुणाने जॅक्सनला गोळी घातली. कान्हेरे मूळचा याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचा. जॅक्सनने जमवलेली उत्तरे पुढे आर. ई. एन्थोव्हेन याने संकलित केली. कोकणचा भाग 1915 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पुस्तकाच्या तळटिपांत ठाणे, कुलाबा, रत्नागिरी जिल्ह्यांतल्या लहानलहान गावांची नावे आहेत आणि बहुतेक ठिकाणी माहिती देणारा म्हणून नुसते 'शाळामास्तर' असे लिहिले आहे. मास्तरांची नावे फार थोडी. गोळा करणारा साहेब, छापणारा साहेब, ज्याच्यावर सगळा डोलारा उभा तो निनावी.

त्या मास्तरांबद्दल आदर बाळगूनही एक गोष्ट म्हटली पाहिजे. बरीचशी उत्तरे गावातल्या पुरुषांनी, तीही वरच्या जातींतल्या, पुरुषांना दिलेली असणार. गोंदण तर बायकांच्या अंगावर, आणि गोंदणाऱ्या बायका भटक्या जमातींतल्या. त्यांच्यापर्यंत प्रश्नावली पोचणे कठीणच होते. तसे झाले असते तर कुलचिन्हाचे मत कदाचित लवकर ढासळले असते. गावात आलेली गोंदणारीण आपल्या ठरलेल्या दहा-वीस आकृत्या घेऊन येई. समोर बसलेली मुलगी कोणत्या कुळाची, तिचे देवक कोणते, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. ती विचारी, काय काढू? आणि मुलीची आई शेजारणीचा हात दाखवी. एका गावातल्या भिन्न जातींच्या हातांवर तोच विंचू दिसतो तो यामुळे, असे आम्हाला वाटते. चित्र कुळाचे नव्हते, सुईवालीचे होते.

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आठ-दहा वर्षांच्या पोरीला दोघी-तिघींनी धरून बसवायचे आणि ती रडत असताना टोचायचे, असेच पुष्कळदा घडले आहे. गोंदण नसलेल्या सुनेच्या हातचे पाणी सासरी घेत नसत, असे काही भागांतल्या जुन्या बायका सांगतात. आपण होऊन गोंदून घेतलेल्या किती आणि दामटून गोंदलेल्या किती, हे आता मोजता येणार नाही. पुढे त्यांच्याच मुली शिकल्या, मुंबईला गेल्या आणि आईचे गोंदलेले हात त्यांना गावंढळ वाटू लागले. पदराखाली हात झाकून शाळेच्या कार्यक्रमाला बसणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. आता त्यांची नातवंडे यंत्राने वाघ गोंदून घेतात आणि त्याचे छायाचित्र सर्वांना पाठवतात. जत्रेतल्या यंत्राची सुई मात्र माणसागणिक बदललेली आहे की नाही, हे पाहायलाच हवे. ब आणि क प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे रोग अशा सुईने पसरू शकतात. रंगही आता नुसती काजळी राहिलेला नाही, त्यांत नाना रसायने असतात.

धक्क्यावरच्या त्या पिढीतल्या बाया आता थोड्या उरल्या आहेत. कातडी आपल्या हवेत टिकत नाही हे वर आलेच आहे, तेव्हा नोंद व्हायची ती आताच. हे काम शाळेला जमण्याजोगे आहे. मुलांनी आपापल्या घरातल्या, शेजारच्या आजीला विचारावे. परवानगी घेऊन, चेहऱ्याचे नव्हे तर फक्त हाताचे चित्र कागदावर उतरवून घ्यावे. आजी त्या आकृतीला काय म्हणते तो शब्द तिच्याच बोलीत लिहावा, तो शुद्ध करू नये. कोणत्या वयात, कुठे, कुणी गोंदले. मोबदला पैशांत दिला की तांदळात. रडली होती का. ही सगळी माहिती अर्थाइतकीच मोलाची. 'हे कशाचे प्रतीक आहे?' असा प्रश्न मात्र विचारू नये. तो विचारला की माणूस उत्तर तयार करून देतो. 'हे का काढलेत?' एवढेच विचारावे आणि तीन निरनिराळी उत्तरे आली तर तिन्ही लिहावीत. जात विचारू नये. सांगितली तर पाहता येईल.

आणखी एक गंमत करून पाहण्याजोगी आहे. खऱ्या विंचवाला पायांच्या चार जोड्या, शिवाय पुढे नांग्यांची एक जोडी. शेपटीला पाच पेरे आणि टोकाला विषाची कुपी व नांगी. उतरवून घेतलेल्या प्रत्येक विंचवाचे पाय आणि पेरे मुलांना मोजू द्यावेत. काहींना तीनच जोड्या निघतील, काहींना सहा. मोजताना एक लक्षात ठेवावे: लहानपणी गोंदलेले चित्र हाताबरोबर वाढते, ठिपके एकमेकांपासून लांब जातात, आणि म्हातारपणी कातडी सैल पडली की शेजारशेजारचे दोन पाय मिळून एकच पाय दिसतो. तेव्हा आजीला हलकेच विचारून कातडी थोडी ताणून धरावी आणि मगच मोजावे.